गुरूचा नववा चंद्र

मुखेडहून लातूरला बिऱ्हाड हलवलं तेव्हा माझ्या वहीत सव्वीस वस्तूंची यादी होती, आणि उतरल्यावर पंचवीसच भरल्या. सव्विसावी वस्तू म्हणजे मायचा पाटा. तो मुखेडच्या एसटी स्टँडवरच राहिला. मायनं तो विषय पुढं वर्षभर जिवंत ठेवला. चटणीत एक कण जाड लागला की ती दादांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं, बघून म्हणायची, "नवा जिल्हा मिळाला, पाटा गेला." तेव्हापासून मी यादी दोनदा वाचते, निघताना आणि गाडीत बसल्यावर. माझी मुलं हसतात. हसू देत, त्यांचं काही हरवत नाही.

दादा जमिनीच्या नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होते. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागत होतं. पाट्या नव्या, शिक्के नवे, आणि गावोगावचे नकाशेही पुन्हा काढायचे. जुन्या जिल्ह्यातून गठ्ठे यायचे. दादा मूळ नकाशावर पातळ ट्रेसिंग कापड ताणून बसवायचे आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईनं वर उतरवायचे. काम एवढं तुंबलं होतं की ते घरीही घेऊन यायचे. दोन खोल्यांतली उजेडाची खिडकी त्यांची, उरलेलं घर आमचं. शेजारी डाळमिल होती. तिच्या भोंग्यावर आम्ही उठायचो आणि डाळीच्या टरफलांची पिवळी धूळ सकाळ-संध्याकाळ झाडायचो. पाऊस दुसऱ्या वर्षीही गेला होता. भाजी मिळायची नाही, म्हणून भाकरीसोबत चटण्या चालायच्या, एक दिवस जवसाची, एक दिवस कारळाची, एक दिवस शेंगदाण्याची, आणि रविवारी मुरमुऱ्यांचा सुसला. मी त्यांची पाळी लावून दिली होती, कारण रोज "आज काय" असं विचारण्यात वेळ जातो. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी गवती चहाला. दिवसभर गल्लीत हातपंपाचा दांडा कुईकुई करत असायचा. तो आवाज थांबला की बायका घरातून बाहेर येऊन बघायच्या.

मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला स्वामी बाई होत्या. उदगीरच्या, उंच, घाईघाईनं चालणाऱ्या. चिडल्या की त्यांच्या तोंडून कानडी शब्द सुटायचे आणि आम्हाला ते चिडण्यापेक्षा जास्त आवडायचे. एके दिवशी त्या वर्गात आल्या त्याच टेबलावर हात आपटत. "जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन! आपल्या गावात! आजवर दुसऱ्यांच्या जिल्ह्यात जाऊन कोपऱ्यात उभं राहायचो. आता काय करायचं बोला." कुणी ज्वालामुखी म्हणालं, कुणी डोळ्याची रचना. मी हात वर केला आणि म्हणाले, "बाई, गुरूचे चंद्र." बाईंच्याच कपाटातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात मी ते वाचलं होतं. डिक्शनरी घेऊन दीड पान वाचायला मला आठवडा लागला होता. गुरूचे चार मोठे चंद्र सगळ्यांना माहीत असतात. त्या पुस्तकात शोधाच्या क्रमानं नवव्या आलेल्या चंद्राबद्दल एक परिच्छेद होता. नाव सिनोपी. एवढासा, की एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं तर लातूरहून औशाला जाऊन परत येण्याइतकंच अंतर. गुरूपासून फार लांब. त्याची वाट वर्तुळाकार नाही, एका बाजूला फुगलेली आणि तिरपी. बहुधा बाहेरून भटकत आलेला आणि गुरूनं ओढून धरलेला. आणि फिरतो तो बाकीच्यांच्या उलट दिशेनं. ते वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून वर्गाभोवती एक चक्कर मारून आले होते. आजही सांगताना माझा आवाज चढतो.

आधी आम्ही टेबलावर मॉडेल करणार होतो. मोजमाप माझ्याकडं होतं. चौथा चंद्र गुरूपासून एक वीत ठेवला, तर नववा तेरा विती लांब जातो. मी वर्गातल्या टेबलापासून मोजत मोजत दाराबाहेर गेले आणि तिथून ओरडले, "बाई, नववा चंद्र व्हरांड्यात जातोय!" बाई दारात आल्या, माझ्याकडं बघितलं, व्हरांड्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "मग टेबल कशाला? तलाव हाय की."

गावाच्या कडेला तलाव होता. दोन वर्षांत त्याचा थेंबही उरला नव्हता. भेगाळलेली, सपाट, लांबरुंद जमीन आणि तीन बाजूंनी मातीची पाळ. पाळीवर लोक उभे राहतील, खाली तळात आम्ही मुली चंद्र होऊन फिरू. दुष्काळानं तेवढी एक गोष्ट आम्हाला दिली होती आणि ती आम्ही लगेच यादीत लिहून टाकली. पहिला चंद्र दोन पावलांवर, दुसरा तीनवर, तिसरा साडेचारवर, चौथा आठवर, नववा शंभर पावलांवर. पहिल्यानं दहा सेकंदांत फेरी मारली तर दुसऱ्यानं वीस, तिसऱ्यानं चाळीस, चौथ्यानं दीड मिनिट, आणि नवव्यानं एक तास अकरा मिनिटं. गुरू झाली शकू. माझी पहिली लातूरची मैत्रीण, तेलाच्या दुकानाच्या घरची, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. गुरू स्वतःभोवती फार जोरात फिरतो, म्हणून बाईंनी तिला आधी गिरक्या घ्यायला लावल्या. पाचव्या गिरकीला ती खाली बसली. "बाई, मी नुसती उभी राहाते. लोकांनी समजून घ्यावं, फिरून राहिलाय म्हणून."

प्रश्न नवव्या चंद्राचा आला. घड्याळाच्या काट्यासारखं उजवीकडं वळत फिरायला चौघी एका पायावर तयार होत्या, कारण सगळे तसेच फिरतात. देवळात तसेच, गंजगोलाईच्या गोल बाजारात बैलगाड्याही तशाच. पण उलटी फेरी? दुसऱ्याच दिवशी शकूची आई शाळेत हजर. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, हातात डबा, कारण त्या कुठंही रिकाम्या हातानं जात नसत.

"बाई, पोरींला उलटं फिरवून राहिले म्हणं तुम्ही? मयताला फिरतात तसं?"

"काकू, महादेवाच्या देवळात आपण पाण्याच्या वाटेपाशी थांबतो अन् माघारी फिरतो. तवा उलटंच चालतो की नाही?"

"माघारी येणं येगळं, उलटी फेरी मारणं येगळं. आधीच पाऊस न्हाई." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "हिच्याकडं चालतं ना? हिच्या घरी देव न्हाईत. हिला द्या ते."

आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली दादांची पट्टी-पेन ठेवायची फळी. काकूंच्या बोलण्यात विष नव्हतं. त्यांनी मला त्याच वेळी डब्यातला लाडूही दिला. बाई घाईनं म्हणाल्या, "ही सुजाता मोजून पाऊल टाकते, म्हणून मी हिलाच देणार होते." दोन्ही कारणं खरी असतील. मला त्या वयात कारणांशी घेणं नव्हतं. मला चंद्र मिळाला होता! मी घरी पळत गेले.

मायला मात्र कारणाशीच घेणं होतं. तिनं परात खाली ठेवली. "उलटं चालायला गावात माझीच पोरगी सापडली का? मुखेडला ह्येच, हितं आलं तरी ह्येच."

"माय, तो चंद्रच तसा हाय."

"चंद्र असंल. पोरगी माझी हाय."

दादा खिडकीतून म्हणाले, "चालू दे तिला." माय म्हणाली, "तुम्ही पाटा सांभाळला तसा." एवढ्यावर विषय संपला, म्हणजे मी रोज सरावाला जायला लागले आणि माय रोज भाकरी जरा जोरात थापायला लागली.

सराव काय होता म्हणून सांगू! शंभर पावलांवर मी खुंट्या ठोकल्या होत्या, पण गोलात नाही, एका अंगाला फुगवून, आणि एका ठिकाणी वाट पाळीच्या उतारावर चढवलेली, तिरपी दिसावी म्हणून. मनात सात अंक मोजायचे आणि एक पाऊल टाकायचं. पुन्हा सात, पुन्हा एक. आत सुरेखा पहिला चंद्र होऊन दहा सेकंदांत फेरी मारत धापा टाकायची, आणि मी तेवढ्यात एक पाऊल पुढं. लांबून शकू ओरडायची, "अगं ए नववे, जिवंत हाईस का?" मी उत्तर द्यायची नाही. मोजणी चुकते.

प्रदर्शनाला तीन दिवस राहिले असताना निरीक्षक साहेब पाहणीला आले. खादीचा शर्ट, काळी छत्री, हातात तपासणीचा कागद. ते पाळीवर बराच वेळ उभे राहिले. मग खाली उतरून बाईंना म्हणाले, "फार छान कल्पना. पण सगळे चंद्र उलटे फिरतायत."

"साहेब, उलटा एकच हाय. तो लांबचा."

"नाही बाई. खऱ्या गुरूभोवती तो एकच सरळ आहे. बाकीचे चार उलटे आहेत." त्यांनी छत्रीच्या टोकानं मातीत गोल काढला. उत्तरेकडून बघितलं तर ग्रह आणि त्यांचे मोठे चंद्र घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध फिरतात. या पाचांत नववाच काट्याप्रमाणे फिरतो. "पुस्तकात असतं हे."

पुस्तकात होतंही. आम्ही वाचलं होतं, 'इतरांच्या उलट'. इतर कसे फिरतात ते बघायची गरज आमच्यापैकी एकीलाही वाटली नव्हती. गोल फिरायचं म्हणजे उजवा हात मध्याकडं ठेवूनच, त्यात विचारायचं काय? बाईंनाही वाटलं नव्हतं आणि त्या विज्ञानाच्या पदवीधर होत्या.

"दिशा बदला," साहेब म्हणाले. "नाहीतर मला हे मांडता येणार नाही. पहिलंच प्रदर्शन आहे. बाहेरचे लोक येणार."

बातमी आमच्या आधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या चारही चंद्रांच्या आयांना घेऊन. आता चौघीही उलट्या फिरणार? मग चौघीही घरी. आणि गुरूसुद्धा घरी, कारण जिच्याभोवती उलटं फिरणार ती मधे उभी शकू काकूंचीच लेक. बाईंनी विज्ञान सांगितलं, मग विनवलं, मग कानडीत काहीतरी बोलल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "मला बी कानडी येतं, बाई."

घरी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढून उठलीच. "म्हणजे माझी पोरगी सरळ? अन् बाकीच्या साऱ्या उलट्या?" तिचा चेहरा असा उजळला की मला रडावंसं वाटत असून हसू आलं. त्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीची पाळी नसतानाही तिनं ती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांकडं फळ्यावर लावायचं चित्र घेऊन गेले. कार्यक्रम होवो न होवो, ते यादीत होतं. ट्रेसिंग कापडाच्या एका तुकड्यावर मी पेन्सिलीनं पाच वाटा आणि पाच बाण काढले होते. दादांनी ते शाईनं गिरवलं आणि सवयीनं उलटून खिडकीच्या काचेवर धरलं. प्रत्येक नकाशा ते असाच तपासायचे. मागून बघितलं की गावांची नावं वाचता येत नाहीत, मग डोळा फक्त रेघा बघतो आणि तुटलेली रेघ लगेच सापडते. मी त्यांच्या खांद्यामागं उभी होते. काचेवर माझे पाचही बाण उलट्या दिशेनं फिरत होते. साहेबांनी सांगितले तसे.

"दादा, हे आपण कुठून बघून राहिलो?"

"मागून. कागदाच्या खालून म्हण."

"पुढून म्हणजे उत्तरेकडून धरलं, तर मागून म्हणजे?"

दादांनी कापड खाली घेतलं, पुन्हा वर धरलं. "दक्षिण," ते म्हणाले, आणि मग जरा मोठ्यानं, "दक्षिण की गं!"

काही बदलायचंच नव्हतं! चंद्र तेच, वाटा त्याच, पावलं तीच. फक्त बघणाऱ्यांनी आपण गुरूच्या दक्षिणेला उभे आहोत असं धरायचं. तिकडून चारही मोठे चंद्र काट्याप्रमाणे दिसतात आणि नववा उलटा.

माय दारात उभी होती. तिला सगळं कळलं होतं. "सांगू नको," ती हळूच म्हणाली. "साहेबानं एकदा सांगितलं ना तू सरळ हाईस. ऱ्हाऊ दे तसंच."

तिचं म्हणणं मला आज जितकं कळतं तितकं तेव्हा कळलं नाही, पण थोडं कळलं होतं. गप्प बसले तर साहेबांच्या शब्दानं मी सरळ राहणार होते, आणि तलाव रिकामा. मला सरळ-उलट्यापेक्षा गुरू हवा होता. गुरूशिवाय चंद्र म्हणजे कोरड्या तलावात हिंडणारी एक पोरगी. मी म्हणाले, "माय, मला चालायचंय." तिनं लांब श्वास घेतला आणि माझ्या हातात भाकरीचा घास कोंबला. "खाऊन जा मंग. उपाशी काय सांगती साहेबाला."

बाई आणि मी निरीक्षक साहेबांच्या कचेरीत गेलो. बाईंनी कापड साहेबांच्या खिडकीवर पुढून धरलं, मग मागून धरलं. साहेब म्हणाले, "पण नकाशात उत्तर वर असते."

बाई काही बोलायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "साहेब, आभाळात कुठं वर?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हे कुणी शोधलं?" मी म्हणाले, माझ्या दादांनी. बाई म्हणाल्या, हिनं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पाटी मोठी लावा. लोकांना कळलं पाहिजे ते कुठं उभे आहेत." पाटी दादांनी रंगवली. आपण गुरूच्या दक्षिणेला उभे आहोत. काकूंनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "आमच्या पोरी सरळच ना?" बाई म्हणाल्या, सरळच. काकू म्हणाल्या, "मंग दक्षिण असू द्या न्हाईतर पश्चिम."

त्या आठवड्यात हातपंप पूर्ण बसला आणि गल्लीला टँकरवर राहावं लागलं. टँकर चार दिवस आला नव्हता, त्यामुळं प्रदर्शनाच्या सकाळी पाळीवर जमलेल्या बायका घागरी घेऊनच आल्या होत्या. न जाणो. शाळांची पोरं, मास्तर, गावातले लोक, सगळी पाळ भरली. बाईंनी शिट्टी वाजवली. सुरेखा धावायला लागली, तिच्यामागं बाकीच्या, शकू मधे हात पसरून उभी, आणि मी माझ्या खुंटीपासून निघाले. सात अंक, एक पाऊल. पहिल्यांदा लोकांना मी दिसलेच नाही. मग कुणीतरी बोट दाखवलं, "त्ये बघ तिकडं, त्ये बी त्याच्यातलंच हाय!" आणि पाळीवरून टाळ्या आल्या. मोजणी मात्र चुकली नाही. दहा मिनिटांनी पाहुणे जायला लागले. साहेब गेले नाहीत. ते छत्री उघडून बसले आणि हातातलं घड्याळ बघत राहिले. सुरेखाच्या जागी दुसरी आली, मग तिसरी. मी उतारावर चढले, उतरले. अर्धी वाट झाली. मायनं पाळीवरून मला बघितलं आणि शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, "ती लांबची माझी." मला स्पष्ट ऐकू आलं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. पाळीवरच्या बायका उठल्या, पहिला चंद्र वाकडा पळाला, दुसरा-तिसरा त्याच्यामागं, चौथ्यानं चप्पल हातात घेतली. आणि शकूनं पसरलेले हात खाली घेऊन "आई, घागर फेक!" म्हणत धूम ठोकली. तलावाच्या मधे कुणीच उरलं नाही. मी एक पाय उचललेला, तसाच धरून उभी. सात अंक झाले. आता? मायची हाक आली, "सुजेऽ, ये लवकर!" आमच्याही घरी पाणी नव्हतं. पण मी अशी कशी येणार? चंद्र गुरूकडं पाठ करून वळत नाही. पुस्तकात होतं, गुरूची ओढ आहे म्हणून चंद्राची वाट वळते. ओढच गेली तर? तर चंद्र ज्या दिशेला जात असेल तसाच सरळ जातो! मी समोर बघितलं. समोर बाभळी होत्या आणि टँकर अगदी दुसऱ्या अंगाला. मी पाऊल टेकलं आणि समोर, नाकासमोर, सरळ पळत सुटले.

"अगं तिकडं कुठं, बयो! टँकर हिकडं हाय!" माय ओरडत होती. मी थांबले नाही. मागून एकट्या माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या. साहेब छत्री टाकून उभे राहिले होते आणि ओरडत होते, "बरोबर! अगदी बरोबर! थांबू नकोस!" बाभळींपर्यंत गेले, काटे लागले, तिथं चंद्रपण संपलं असं मानलं आणि मग वळून जीव खाऊन टँकरकडं धावले. मायच्या दोन घागरी भरून झाल्या होत्या. एक तिनं माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाली, "लई शहाणी."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात साहेबांचा कागद वाचून दाखवला. पुढच्या प्रदर्शनासाठी आमची निवड झाली होती. खाली शेरा होता: चंद्र क्रमांक नऊ, उत्कृष्ट. गुरूने मात्र कार्यक्रम संपेपर्यंत जागा सोडू नये.

वर्ग हसला. शकू बाकावरून उठली, कमरेवर हात ठेवून. "बाई, साहेबांला माझा निरोप द्या. चार दिवस बगर पाण्याचं राहून बघा म्हणावं, मंग सांगा कोणता गुरू जागेवर ऱ्हातोय ते."